मोराचे पाय

कॅनडातल्या अखिलभैयाने बर्फावर पळणारी नवीकोरी गाडी घेतली आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं, "माझ्या मनासारखा रंग मारून घेतोय. आठवडाभर थांबा!" इकडे चाळीसगावात, कापडाच्या दुकानात बसलेल्या धाकट्या रोनकच्या पोटात दुखायला लागलं. आई, धापूबाई, तर गिऱ्हाइकाला साड्या दाखवायच्या सोडून मोबाईलवर गाडीच दाखवत बसल्या होत्या.

आणि रोनकच्या वाट्याला काय, तर पप्पांच्या माघारी उरलेली पोपटी स्कूटर! तिच्या पुढच्या पत्र्यावर पप्पांनी एका दिवाळीत स्वतःच्या हाताने मोर रंगवला होता. तो लांबून थेट कोंबडीसारखा दिसायचा. सगळं मार्केट हसायचं.

"भैयाने तिकडे मिरवायचं आणि मी काय इथे कोंबडी घेऊन फिरायचं?" असं म्हणत सहाव्या दिवशी रोनकने स्कूटर गॅरेजात नेली. जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडायला लावला, वर काळाभोर चकचकीत रंग मारला, लाल ज्वाळांचे स्टिकर लावले. भैयाच्या आधी आपला फोटो ग्रुपवर पडावा म्हणून तो मोबाईल काढतो, तोच अखिलभैयाचा फोटो येऊन धडकला.

पांढऱ्याशुभ्र बर्फात पोपटी गाडी उभी होती आणि तिच्या नाकावर तीच कोंबडी होती.

खाली भैयाने लिहिलं होतं, "रोनक, नशीबवान आहेस, पप्पांची स्कूटर तुला मिळाली. माझ्याकडच्या जुन्या फोटोत मोराचे पाय आलेले नाहीत रे. जरा जवळून एक फोटो काढून पाठव ना."