सावलीचा कोपरा

"हवामानयंत्राच्या सेन्सरला ऊन चालत नाही," निशिकांत माहितीपत्रक वाचत वडिलांना म्हणाला. "दादा, तुमची खाट जरा पलीकडे घ्या."

गॅलरीत सावलीचा कोपरा एकच. नातीला अभ्यासाची खोली हवी म्हणून दादांचा मुक्काम तिथे हलला होता. त्यांनी निमूट खाट उन्हात ओढली. निशिकांतने कोपऱ्यात सेन्सर बसवला, त्याला वारा नीट लागतोय ना तेही पाहिलं.

आत हॉलमध्ये स्क्रीनवर आकडे उमटले तशी सगळी कौतुकाने गोळा झाली.

दुपारी गादी हात लावू देईना. एसीसाठी लावून घेतलेलं दार दादांनी वाजवलं. "सूनबाई, घटकाभर आत बसू का? बाहेर भाजून निघतोय."

कडीला हात घालता घालता सुनेने स्क्रीनकडे पाहिलं.

"काहीतरीच काय, दादा! बाहेर जेमतेम बत्तीस डिग्री आहे."