गिटारीतला ठोकळा

या, असे जवळ सरकून बसा मंडळी, एक गोष्ट सांगतो. एक सून सासऱ्यांची विजेवर वाजणारी गिटार घेऊन कारागिराकडे आली. मागोमाग सासरेही आले.

"दादा, हिच्यात ठोकळा बसवा," सून म्हणाली. "ही रोज कोकलते. शेजारी घर विकायला निघालेत."

कारागिराने गिटारीच्या पाठीवर टिचकी मारली. "ही आतून पूर्ण पोकळ. आवाज गोड, पण स्पीकरजवळ नेली की तोच आवाज हिच्या पोटात शिरतो आणि ही हंबरडा फोडते. मधोमध लाकूड बसवून अर्धीच पोकळ ठेवली, तर गप्प होईल. थोडा गोडवाही जाईल. त्यापेक्षा काका, तुम्हीच स्पीकरपासून लांब बसा की."

"ठाऊक आहे मला. मुद्दामच जवळ बसतो," सासरे खाली बघत म्हणाले. "पोरगा देवाघरी गेला तेव्हापासून मला रडूच फुटत नाही. ही रडते, तेवढंच."

सुनेने गिटार उचलली.

"चला बाबा, घरी जाऊ. मीही बसते तुमच्याजवळ. मलाही अजून रडता आलेलं नाही."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सासऱ्या-सुनेची आठवण ठेवा.