मास्तरीणबाईंचं पहिलं उड्डाण

दांडा मागे येईना. मास्तरांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला, पण तो जागचा हलला नाही. धावपट्टी संपत आली होती आणि विमान नाक वर करायचं नाव घेत नव्हतं.

शेजारी बायको बसली होती. तीस वर्षं मास्तर लोकांना विमान चालवायला शिकवत आले, पण बायको काही त्यांच्या विमानात पाऊल ठेवायला तयार नव्हती. माझे पाय जमिनीवर आहेत तेच बरे, असं म्हणून ती विषय संपवायची. आणि आज सकाळी, चहाचे कप विसळता विसळता, ती आपणहून म्हणाली की चला, एकदा बसून बघते. मास्तरांना आनंदाने काही सुचेनासं झालं. तिचं मन फिरायच्या आत विमान वर न्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

तिथेच घोळ झाला. उभ्या विमानाच्या शेपटीची फळी वाऱ्याने हलू नये म्हणून तिच्यात एक खीळ अडकवून ठेवतात; ती असली की दांडाही हलत नाही. निघण्याआधी विमानाभोवती फेरी मारायची आणि ती काढायची. ही फेरी चुकवणाऱ्या शिकाऊ वैमानिकांची मास्तर चारचौघांत बिनपाण्याने करायचे. आज मात्र ते स्वतःच तडक खुर्चीत जाऊन बसले होते.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि ब्रेक दाबले. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं, एका उंचवट्यावरून टुणकन उडालं, कुंपणाच्या तारा तोडत खाली आपटलं आणि एका अंगाला कलून थांबलं. एक चाक मात्र न थांबता तसंच पुढे घरंगळत गेलं.

पट्ट्यांनी दोघांना घट्ट धरून ठेवलं होतं, म्हणून कुणाला खरचटलंही नाही. पण बायकोकडे बघायची मास्तरांची हिंमत होईना. ही आता जन्मात विमानात बसायची नाही, या विचाराने त्यांना रडूच यायला लागलं.

"अहो," तिने त्यांची बाही ओढली. "उतरलो का आपण?"

मास्तरांनी मान वळवली. बायकोने डोळे गच्च मिटून घेतले होते आणि तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"उतरलो," मास्तर कसेबसे म्हणाले.

"एवढंच असतं होय? मी उगीच तीस वर्षं घाबरले. चला, आणखी एकदा जाऊ. या खेपेला डोळे उघडे ठेवते."