चारशे बारा

प्रॅक्टिकलची परीक्षा उद्यावर आलेली आणि सुमय्या पटवेकरच्या जर्नलात ३४७. टेकाळे सरांचं डोकंच फिरलं. टेबलावरच्या कोलायडरमध्ये प्रोटॉनच्या दहा कोटी टकरी घडवायच्या आणि त्यातून जड क्वार्कच्या जोडीचे, म्हणजे अप्सिलॉनचे, कण किती निघाले ते मोजायचं. बारावीचा सगळ्यात सोपा प्रयोग. पुस्तकात ४१२ दिलेत. वर्गात सगळ्यांचे तेवढेच आलेत.

"खोडून ४१० कर. नापास व्हायचंय का?"

"सर, तीनदा केला. एवढेच येतात."

सर चिडून स्वतः मशीनपाशी बसले. ३५१ आले. शेजारच्या नव्याकोऱ्या मशीनवर ३४४.

"मग बाकीच्यांचे कसे आले रे?"

दोघातिघांनी समोरची पुस्तकं हळूच मिटली.

बारा वर्षांपूर्वी सरांनी स्वतः मोजले होते, तेव्हा चांगले ४१२ भरले होते. मग निसर्गानं आकडा बदलला कधी? त्यांनी कपाटातली जुनी जर्नल्स काढली. दर वर्षी ४१०, ४१२, ४१३, आणि खाली लाल शाईत त्यांचीच सही. यातला एक तरी आकडा खरा मोजलेला होता का, हे आता कळायला मार्ग नव्हता.

"खोडू का, सर?" सुमय्यानं विचारलं.

"नको," सर म्हणाले. "त्याच्यापुढं आजची तारीख घाल."