सर्वांना चालणारा वार

लेकाने परदेशातून पाठवलेली मासेमारीची लवचीक काठी खर्डेकरांनी मित्रांसमोर मिरवली. "पिसांची खोटी माशी पाण्यावर नाचवायची. मासा लागला की अलगद काढून परत सोडायचा. हा खेळ आहे, हावरटपणा नाही!" नदीवर जायचं ठरलं, पण दिवस जमेना. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती, रविवारी खंडोबा. कुणाचा ना कुणाचा वार निघेच.

"अरे, मासा खायचाय कुठे?" खर्डेकर कळवळले.

"म्हणून काय झालं? हाताला वास लागतोच ना!"

शेवटी बुधवार सापडला. टोप्या घालून मित्र गाडीसह इमारतीखाली हजर झाले, तेव्हा खर्डेकर स्वयंपाकघरात होते.

"बुधवार म्हणजे आपला खायचा वार. तो नदीवर घालवायचा?" असं म्हणत बायकोने सुरमईची गरम तुकडी त्यांच्या ताटलीत वाढली होती.

खर्डेकर गॅलरीत आले. मसाल्याने माखलेला हात पाठीमागे लपवत म्हणाले, "आज नको रे! त्या मुक्या जिवांना उगाच कशाला छळायचं?"

तळणीचा वास केव्हाच खाली पोचला होता. टोप्या गाडीत टाकून मित्र जिना चढू लागले.