सरपंचबाई काट्यावर

रामलिंगने आपल्या धान्याच्या आडतीवरचा वजनकाटा उचलून ग्रामसभेत आणून ठेवला, तसं सगळं गाव पुढं सरकलं. एरवी सभेला माणसं गोळा करता करता ग्रामसेवकाच्या नाकी नऊ यायचे. आज उभं राहायला जागा नव्हती.

शाळेसमोर चिप्सचे पुडे आणि थंड बाटल्या विकायच्या नाहीत, असा ठराव सरपंच तारामतीबाईंनी सहा महिन्यांपूर्वी मांडला होता. तेव्हा शाळेसमोरचा दुकानदार निवृत्ती उठून म्हणाला होता, "आधी सोता दहा किलो उतरवा, बाई. मग गावाला कायदे शिकवा." लोक पोट धरून हसले आणि ठराव बारगळला. बाई तेव्हा एक्क्याण्णव किलोच्या होत्या.

आज त्या चपला काढून काट्यावर चढल्या. त्यांनी भिंतीला हात तर लावला नाही ना, हेही निवृत्तीने वाकून पाहून घेतलं.

"एकोणऐंशी!" रामलिंग ओरडला.

बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तारामतीबाईंना हसू आवरेना. सहा महिने भाकरी मोजून खाल्ली होती, लग्नांतल्या बुंदीला बोट लावलं नव्हतं. मिरवायचा हक्क होता त्यांचा, आणि त्या मिरवल्याच.

पण निवृत्ती काही कच्चा गडी नव्हता. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मानलं, बाई! लई भारी काम केलं. पर आता तुमीच सांगा, हे वजन कोन्या सरकारनं उतरवलं? कोनता ठराव केलता? ज्यानं त्यानं आपलं तोंड आवरावं. कायदा कशाला पायजे मग?"

बोलणं बिनतोड होतं. ग्रामसेवकाने तर पेनाला टोपणही लावलं.

तारामतीबाई काट्यावरून उतरल्या नाहीत. "खरं हाय तुझं, निवृत्ती. तोंड म्याच आवरलं. पर कसं, ते सांगू? सहा महिने तुझ्या दुकानावरून गेलेच न्हाई. पंचायतीत यायला रोज नदीकडून वळसा घालत व्हते. पन्नाशीची बाई म्या, तरी तुझ्या पुड्यांसमोरून जायची छाती झाली न्हाई. लेकरांनी कुठून वळसा घालावा? शाळेला एकच फाटक हाय."

ग्रामसेवकाने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"ठरावाच्या बाजूने कोण कोण?" त्याने विचारलं.

बायांच्या घोळक्यातून पहिला हात वर झाला तो पार्वतीबाईचा, म्हणजे निवृत्तीच्या बायकोचा. सगळ्या माना तिकडं वळल्या. नवऱ्याकडं न बघता ती उभी राहिली.

"दुकानात दिवसभर म्या बसते," ती म्हणाली. "त्या लेकरांच्या हातात पुडे म्याच देते. लिवा, सायेब."