बिनफेसाचा ग्लास

फेस काही टिकेना. नळ ओढला की पांढराशुभ्र वर यायचा आणि ग्लास ओट्यावर ठेवेपर्यंत मरून जायचा. चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा सिंधूताईंनी कपाळाला हात लावला.

"बारा वाजत आले गा प्रशिक! पितरांचं पान वाढाचं आहे अन् तुयं आपलं नळ खोल, नळ बंद कर."

अक्षय तृतीया होती. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, आत कूलरची घरघर. सिंधूताईंच्या नवऱ्याच्या, चंद्रभानरावांच्या फोटोसमोर पान मांडलं होतं. पुरणपोळी, आमरस, वडे, कुरडई, सगळं झालं होतं. पानाच्या उजव्या बाजूची जागा तेवढी रिकामी होती. माणूस गेल्यावरची पहिलीच अक्षय तृतीया, त्याच्या आवडीचं राहून कसं चालेल?

आणि आवडीचं म्हणजे काय, तर बियर! चंद्रभानरावांनी रिटायर झाल्यावर हौसेनं हे घरगुती मशीन घेतलं होतं. छोटासा फ्रिज, आत बियरचा पाच लिटरचा डबा, मागे गॅसची नळकांडी, पुढे नळ. सिंधूताई त्याला सवत म्हणायच्या. पण माणूसच गेल्यावर सवतीशी कसलं भांडण! आज सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं ते पुसून काढलं होतं, जावयाकडून डबा मागवला होता आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्या प्रशिकला फोन केला होता.

"दोन वर्षं हे फेसासाठी तरसले," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी मशीनले शिव्या. आज एक ग्लास तरी त्याहिले मनासारखा भेटू दे, बाबू."

प्रशिकनं गॅस तपासला, थंडावा तपासला, नळी काढून पुन्हा बसवली. सगळं ठणठणीत होतं.

"आणा जी काकू, या वेळी ग्लास मी धुतो."

"काहून? मले हात नाही का?" ताईंनी ग्लास ओढून घेतला. "याहिचा ग्लास मीच धुवत होती, आजही मीच धुणार."

पाचव्यांदा फेस आला. पाचव्यांदा मेला.

"जाऊ दे," ताई खचून म्हणाल्या. "मशीनच खोटं आहे. उद्या भंगारात घालते."

प्रशिक क्षणभर फोटोकडे बघत राहिला. मग त्यानं ग्लास ओतून टाकला, विसळला आणि ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरलं. मीठ कुठे चिकटलं, कुठे घसरून खाली आलं.

"हे पाहा. जिथं ओशट आहे, तिथं मीठ बसत नाही."

"ओशट? आत्ताच तर घासला!"

"कायनं घासला?"

ताईंनी घासणी दाखवली. त्याच घासणीनं त्या रोज सकाळी दुधाचं पातेलं घासायच्या, साय खरवडून. घासणीच्या कडेला आजची साय अजून दिसत होती.

"साईचा ओशटपणा लागला की फेस मरते जी. मशीन पहिल्यापासून चांगलं आहे."

ताई ओट्याला टेकल्या. "म्हणजे दोन वर्षं मीच... अन् तू गा? तेव्हा तीनदा येऊन गेला. तुले नाही समजलं?"

"पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"काकाजींनी शपथ घातली होती." प्रशिक खाली बघत म्हणाला. "म्हणे, तुही काकू उभ्या जन्मात कधी माह्या ग्लासाले शिवली नाही. आता धुऊन, पुसून हातात देते. तू तिले चूक दाखवशीन, अन् ती पुन्हा हात लावणार नाही. राहू दे. फेस नसला तरी चालते."

"मंग त्या शिव्या?"

"मशीनले. दोष तुमच्यावर येऊ नये म्हणून."

कूलर घरघरत होता.

"आणा इकडे," प्रशिक हलकेच म्हणाला. "कोऱ्या घासणीनं घासून देतो. दोन बोटं फेस राहीन, पाहा तुम्ही."

ताईंनी ग्लास दिला नाही. त्या पाण्याच्या नळाशी गेल्या. त्याच घासणीनं त्यांनी तो आतून-बाहेरून घासला, पदरानं कोरडा केला आणि मशीनखाली धरला. फेस वर आला, थोडा थांबला, विरून गेला.

पानाच्या उजव्या बाजूला त्यांनी ग्लास ठेवला, डोळे पुसले आणि फोटोला म्हणाल्या,

"घ्या जी. मीच धुतला."